एक चूल, सहा आडनावं

मे महिन्यातली दुपार. बाहेर 45 डिग्री. खिडकीत कूलर विमानासारखा गर्जतोय, आणि मी म्यूटचं बटण दाबत-सोडत एका परदेशी क्लायंटला सांगतोय की बग सापडलाय, संध्याकाळपर्यंत फिक्स होईल. कॉल संपला, सवयीने मोबाइल उचलला, तर समोर एक रील. पांढऱ्या भिंती, टांगलेले पिवळे दिवे, बीन बॅगवर लॅपटॉप घेऊन बसलेली चार पोरं-पोरी. एकाच्याही कपाळावर घाम नाही. खाली ओळ : तुमची कम्युनिटी तुमची वाट बघतेय.

मला राग आला. कारण अशी कम्युनिटी विकणाऱ्या एका इमारतीत मी सात महिने पैसे भरून राहिलोय.

घरून काम करणाऱ्यांनी एकत्र राहावं, या मताचा मी आहे. इतका की गेली दोन वर्षं मी तसाच राहतोय, आणि यापुढेही तसंच राहायचा विचार आहे. म्हणूनच 'को-लिव्हिंग' या नावाखाली जे विकलं जातंय त्याच्याबद्दल मला बोलायचंय. आणि ते विकत घेणाऱ्या आपल्याबद्दलही.

*

बंगळुरूतली ती इमारत. नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही, सगळ्या सारख्याच. प्रत्येक मजल्यावर बावीस जण. दाराला कोड, कपडे धुवायला ॲप, तक्रार करायला तिकीट. दर शुक्रवारी मूव्ही नाइट, सिनेमा कोणता ते ऑफिस ठरवणार. स्वयंपाकघर होतं, पण त्यात फक्त मायक्रोवेव्ह. गॅस नाही, कारण 'सेफ्टी'.

चौथ्या महिन्यात जेवणाचा कंत्राटदार बदलला. आम्हाला कोणी विचारलं नाही. भात कच्चा, डाळ पाण्यासारखी. आमच्यातल्या एका मुलीने मजल्यावरच्या सगळ्यांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि लिहिलं, रविवारी गच्चीवर भेटून बोलूया. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने तिला बोलावून गोड आवाजात सांगितलं, 'कम्युनिटीचा ऑफिशियल ग्रुप आहे ना मॅडम, मग हा कशाला?' तिने ग्रुप बंद केला. महिनाभरात ती गेली. तिच्या दाराचा कोड बदलला आणि संध्याकाळी तिथे दुसरं कोणीतरी राहायला आलं. आमच्या मजल्यावर कोणाला पत्ताही लागला नाही.

ज्या कम्युनिटीला गच्चीवर जमून डाळीबद्दल बोलता येत नाही, ती कसली कम्युनिटी? ते लॉज आहे. लॉजला लॉज म्हणायला माझी हरकत नाही. थकल्याभागल्या माणसाला स्वच्छ खाट मिळते, चांगली गोष्ट आहे. पण मग खाटेचे पैसे घ्या, मैत्रीचे घेऊ नका.

सरकारलाही हे बरोबर कळतं. जून 2024 मध्ये जीएसटी कौन्सिलच्या 53 व्या बैठकीत ठरलं की माणशी महिना 20,000 रुपयांपर्यंतच्या निवासावर कर नाही, पण अट अशी की माणूस सलग किमान 90 दिवस राहिला पाहिजे. वसतिगृहं, पीजी आणि ही चकाचक को-लिव्हिंगं सगळी त्याच रांगेत. कराच्या भाषेत आपण घरातली माणसं नाहीच. 90 दिवस टिकलेले पाहुणे आहोत.

आणि हा धंदा आपल्या आयुष्याच्या मापाने चालत नाही, गुंतवणूकदाराच्या मापाने चालतो. वीवर्कने 2016 मध्ये न्यूयॉर्कला 'वीलिव्ह' काढलं, जगभर पसरायच्या गप्पा केल्या, ते मिटलं. पुढे नोव्हेंबर 2023 मध्ये वीवर्कनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेतली 'कॉमन' नावाची मोठी को-लिव्हिंग कंपनी 2024 मध्ये बुडाली. धंदे बुडतात, त्यात नवल नाही. पण तुमचं घर, तुमचे शेजारी आणि तुमची शुक्रवारची संध्याकाळ, सगळं एकाच कंपनीच्या ताळेबंदात असेल, तर ती बुडाल्यावर तुमच्याकडे राहतं काय? एक ॲप, तेही लॉगिन न होणारं.

*

आता दुसरी बाजू. 'एवढा त्रास आहे तर घरी राहा ना,' असं म्हणणारे असतात. मीही राहिलो.

मार्च 2020 मध्ये पुण्याहून एक बॅग घेऊन नागपूरला आलो. हजारो पोरं तशीच आली. हिंगणा रोडवरच्या, काटोल रोडवरच्या कॉलेजांतून इंजिनिअर होऊन हिंजवडीला, बंगळुरूला, हैदराबादला गेलेली एक अख्खी पिढी आपापल्या आईच्या घरी परतली. मानेवाड्यात, नंदनवनात, त्रिमूर्तीनगरात प्रत्येक घरातली एक खोली 'ऑफिस' झाली. पेपरवाल्यांनी लिहिलं, कुटुंबं पुन्हा जवळ आली. आम्हीही स्टेटस टाकले. तर्री पोह्यांचे फोटो टाकले.

मला ऑफिस मिळालं. आईचं काय झालं?

तिची दुपार गेली. बावीस वर्षं तिने स्वतःसाठी कमावलेली दुपार. बाबा बँकेत, मी शाळेत, मग कॉलेजात, मग पुण्यात, आणि बारा ते चार हे घर तिचं. त्या वेळात ती रेडिओ लावायची, मैत्रिणीला फोन करायची, नाहीतर नुसती पडून राहायची. आता रेडिओ बंद, कारण माझा कॉल. मिक्सर बंद, कारण माझा कॉल. कुकरची शिट्टी माझ्या कॅलेंडरप्रमाणे. अकराला चहा, दीडला जेवण, चारला परत चहा, रात्री अमेरिकेचा कॉल असला की साडेदहाला गरम पोळी. कंपनीने मला खुर्चीसाठी आणि वायफायसाठी पैसे दिले. चहाचे कोणी दिले नाहीत.

एक दिवस मी तिला म्हटलं, 'आई, मी घरीच तर असतो, काही लागलं तर सांगत जा.' ती पोळी लाटता लाटता म्हणाली, 'तू घरी आहेस का ऑफिसात, मले तं समजूनच नाही राहिलं. घरी असतास तं एखाद दिवशी भांडं घासलं असतंस.'

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

वर्क फ्रॉम होमचे गोडवे गाणारे लेख मी बरेच वाचले. त्यात प्रवास वाचतो, भाडं वाचतं, उत्पादकता वाढते. पण ऑफिसची कॅन्टीन, ऑफिसचा हाउसकीपिंगवाला, ऑफिसचा चहा, हे सगळं उचलून कुठे नेऊन ठेवलं, हे लिहायला कोणाला सुचलं नाही. ते आईच्या आणि बायकोच्या अंगावर नेऊन ठेवलं. आयटी कंपन्यांनी भाडं वाचवलं, आपण पीजीचे पैसे वाचवले, आणि दोघांनी मिळून एका बाईची दुपार फुकटात घेतली.

त्यामुळे पर्याय दोनच असतील, म्हणजे ॲपवालं लॉज नाहीतर आईची खानावळ, तर दोन्ही मला नकोत. आणि पर्याय दोनच आहेत असं आपल्याला पटवून देण्यात त्या रीलवाल्यांचा फायदा आहे.

*

दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा जणांनी ठरवलं की नागपुरातच एक घर घ्यायचं, भाड्याने, एकत्र. चार मुलगे, दोन मुली. चौघं सॉफ्टवेअरमध्ये, एक जण भाषांतरं करते, एक जण ऑनलाइन शिकवतो. सगळ्यांची कामं लॅपटॉपवर, सगळ्यांची आईवडिलांची घरं याच शहरात किंवा दीड-दोन तासांवर. पळून चाललो नव्हतो. रविवारी घरी जेवायला जाता येईल, आणि सोमवारी आपलं भांडं आपण घासू, इतकंच हवं होतं.

ब्रोकरला भेटलो. पहिला प्रश्न, 'फॅमिली आहे का?' दुसरा, 'लडका-लडकी एकत्र? नाही जमणार भाऊ.' तिसरा प्रश्न तो बाजूला घेऊन हळूच विचारायचा, 'सर, राग नका मानू, सगळ्यांचे सरनेम काय आहेत?'

हा प्रश्न ज्या शहरात विचारला जातो, त्याच शहरात दीक्षाभूमी आहे. 1956 सालच्या ऑक्टोबरात इथे लाखो लोकांनी धर्म बदलला, आणि अजूनही दरवर्षी लाखो लोक इथे येऊन एकमेकांच्या शेजारी चादर टाकून झोपतात. कोणी कोणाला विचारत नाही. आणि तिथून पायी अंतरावर असलेल्या सोसायटीत तीन खोल्यांसाठी आडनाव लागतं.

आमच्यातल्या एका मित्राचं आडनाव ऐकून ब्रोकरचा चेहरा बदलला. दोन घरं 'आत्ताच गेली'. तिसऱ्या वेळी मी एक शहाणपणा केला. म्हटलं, करार माझ्या एकट्याच्या नावावर करू, म्हणजे प्रश्नच येणार नाही. मला वाटलं, केवढं व्यवहारी उत्तर काढलं. मित्र शांतपणे म्हणाला, 'म्हणजे मी तुझ्या घरात लपून राहायचं?'

त्या दिवशी मला कळलं की मी घर शोधत नव्हतो, शॉर्टकट शोधत होतो. माझं आडनाव चालून जातं, म्हणून मला तो व्यवहारीपणा वाटला. आम्ही ठरवलं, करारावर सहाही नावं असतील, नाहीतर करार नाही. त्यानंतर घर मिळायला पाच महिने लागले. प्रतापनगरजवळचं एक जुनं दुमजली घर, मालक म्हातारे, मुलगा परदेशात. त्यांनी आडनावं विचारली नाहीत. विचारलं एवढंच की झाडांना पाणी घालणार का. भाडं महिना 36,000, माणशी 6,000.

इथे थोडा कायदाही सांगतो, कारण ब्रोकर आणि सोसायटीचे सेक्रेटरी तो आपल्याला माहीत नाही याच भरवशावर बोलतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असावाच लागतो. नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जे बिगर भोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. 'बॅचलर चार्ज' नावाचा प्रकार सेक्रेटरीच्या डोक्यात असतो, उपविधीत नसतो. मोबाइलवर सगळं वाचायला मिळतं. वाचून ठेवा.

*

आता कोणी म्हणेल, ही पाश्चात्त्य फॅडं आहेत, आपल्याकडे एकत्र कुटुंब होतं ना. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं म्हणतो.

को-हाउसिंग हा शब्द बाहेरचा आहे, हे खरं. डेन्मार्कमध्ये बोडिल ग्रेऊ नावाच्या बाईने 1967 मध्ये एक लेख लिहिला, प्रत्येक मुलाला शंभर आईबाप हवेत अशा अर्थाचा. त्यातून काही कुटुंबं एकत्र आली आणि 1972 मध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला सेटेडॅमेन नावाची वस्ती उभी राहिली. 27 घरं आणि मधे एक सामायिक घर. 1988 मध्ये दोन अमेरिकन वास्तुविशारदांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि 'को-हाउसिंग' हा शब्द रुजला. त्या वस्त्यांमध्ये घर बांधायच्या आधी राहणारी माणसं एकत्र बसली, आणि घर त्यांच्या भांडणांतून आकाराला आलं. आपल्याकडच्या जाहिरातींनी त्यातला शब्द तेवढा उचलला, भांडणं वगळली.

पण लांब राहून काम करणाऱ्यांची सामायिक घरं आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या लोकांचे 'कूड' आहेत. एकेका गावाचा एकेक कूड. जहाजावर काम करणारा माणूस सफर संपवून आला की पुढची मिळेपर्यंत तिथे राहायचा. भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, मधे झोपायला जमीन, समोर वेदी, रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. वर्गणी अगदी थोडी. आपण आज ज्याला रिमोट वर्कर म्हणतो, त्याहून रिमोट काम त्या खलाशांचं होतं.

गिरणगावात कोकणातल्या गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीप्रमाणे झोप. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याचं अंथरूण त्याचं. जेवण खानावळीत, आणि खानावळ चालवणारी बहुधा एक बाई, दहा-वीस गिरणी कामगारांचं उधार सांभाळत. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणगावचा इतिहास सांगताना आपण युनियनचे पुढारी मोजतो. त्या युनियनला दोन वेळ जेवू कोण घालत होतं, ते मोजत नाही.

आणि नागपुरातून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम. 1936 मध्ये गांधी तिथे येऊन राहिले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. एकत्र राहणं, एकत्र स्वयंपाक, संडास साफ करण्यापासून सूत कातण्यापर्यंत सगळी कामं सगळ्यांची. पुढे 1959 मध्ये विनोबांनी जवळच पवनारला, धाम नदीकाठी, स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथली रीत अशी की निर्णय सर्वानुमते व्हायचे. बहुमताने नाही. एकीचंही मन नसेल तर विषय पुढे ढकला, पुन्हा बोला.

मी एकदा पवनारला गेलो होतो तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की ही माणसं रोज बोलत किती असतील! आमच्या घरी सहा जणांचं फ्रिजवर एकमत व्हायला तीन आठवडे गेले.

पण मी हा इतिहास आरती ओवाळायला सांगत नाहीये. यातल्या प्रत्येक घराला एक फाटक होतं. कूड म्हणजे एक गाव, एक धर्म, आणि फक्त पुरुष. कितीतरी ठिकाणी जातसुद्धा एक. गिरणगावातल्या खोल्या गावकीच्या आणि जातीच्या. सेवाग्रामात सगळे समान, पण शेवटचा शब्द एकाचा, आणि जीभ-जोडीदार दोन्हींवर व्रतांचा पहारा. सहकारी गृहनिर्माणाची सुरुवातच बघा. 1915 मध्ये मुंबईत गावदेवीला रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी एक. कल्पना फार सुंदर होती. इमारत संस्थेची, राहणारे संस्थेचे सभासद आणि संस्थेचेच भाडेकरू. म्हणजे घर कोणाच्या खासगी मालकीचं नाही, पण घरमालक म्हणून डोक्यावर कोणी बाहेरचाही नाही. पण संस्था कोणाची, ते नावातच लिहिलेलं होतं.

आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात ठरवलं की सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा उपविधी चालू शकतो. कायद्याला फाटक मान्य आहे. मग ब्रोकर हळू आवाजात विचारतो यात नवल काय?

एकत्र कुटुंबाचं तर विचारूच नका. ज्यांना एकत्र कुटुंब आठवून डोळ्यात पाणी येतं, त्यांनी एकदा त्या घरातल्या धाकट्या सुनेला विचारावं. पंक्ती बसायच्या खऱ्या, पण ती सगळ्यांच्या शेवटी बसायची.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्याला एकत्र राहता येतं, त्यासाठी कुठल्या स्टार्टअपने शिकवायची गरज नाही. आपल्याला जमलं नाही ते आपल्यासारखे नसलेल्यांबरोबर, आणि कामाची समान वाटणी करून एकत्र राहणं. नवं करायचं ते एवढंच आहे, आणि ते बीन बॅगने होत नाही.

*

आमचं घर आदर्श आहे असं समजू नका. पहिल्या उन्हाळ्यात मोडायला आलं होतं.

भांडण विजेवरून. वरच्या मजल्यावर तीन एसी, खाली दोन कूलर, बिल आलं तेव्हा सगळे गप्प. घरगुती विजेचे दर टप्प्यांनी वाढतात. पहिली 100 युनिट स्वस्त, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत, आणि त्यापुढे सगळ्यात महाग. हे टप्पे मीटरमागे, माणसामागे नाहीत. दोन जण मोठा बंगला थंड करत असतील आणि सहा जण एका घरात दाटीने राहत असतील, तर मीटरला दोघं सारखेच. एकत्र राहून आम्ही माणशी कमी वीज वापरत होतो आणि दर मात्र चैनीचा भरत होतो. शेवटी ठरलं की दुपारी बारा ते पाच सगळ्यांनी खालच्या मोठ्या खोलीत एकाच एसीत काम करायचं, कॉल असेल त्याने कोपऱ्यातल्या खोलीत जायचं. बिल उतरलं. आणि त्या पाच तासांच्या शांततेत, सहा जण आपापल्या स्क्रीनकडे बघत बसलेले असताना, मला पहिल्यांदा वाटलं की हे घर आहे.

दुसरं भांडण जास्त खोल होतं. स्वयंपाकाला ताई येतात. सुरुवातीला आम्ही त्यांना एका कुटुंबाच्या हिशोबाने पैसे देत होतो आणि सहा मोठ्या माणसांच्या पोळ्या करून घेत होतो. भाषांतरवाल्या मैत्रिणीने हे बैठकीत काढलं. 'तुम्ही आईचं काम दुसऱ्या बाईवर टाकलंय, आणि तेही स्वस्तात,' ती म्हणाली. मला झोंबलं, कारण ते खरं होतं. आता पैसे माणशी मोजून देतो, आठवड्याची सुटी भरपगारी, आणि त्या दिवशी स्वयंपाक आमचा. माझी आमटी अजूनही कोणी दुसऱ्यांदा मागत नाही. भांडी रोज आम्हीच घासतो, वहीत नाव लिहिलेलं असतं. वही साधी, दोनशे पानी, फ्रिजवर ठेवलेली. ॲप बनवायचा मोह आम्हा चौघा सॉफ्टवेअरवाल्यांना झाला होता, तो बाकीच्या दोघांनी हाणून पाडला. बरं झालं. ॲपमध्ये तिकीट उघडता येतं, पण वहीत लिहिलेलं खाडताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

लोक विचारतात, लग्न झाल्यावर काय? आमच्यातल्या एकाचं ठरतंय. तो आणि त्याची बायको मागच्या दोन खोल्यांत राहतील का, हा विषय बैठकीत आहे. जमेल की नाही, सांगता येत नाही. लोक विचारतात, प्रायव्हसीचं काय? प्रत्येकाच्या खोलीला आतून कडी आहे. माझ्या आईच्या घरात नव्हती. लोक विचारतात, मालकांनी उद्या घर बिल्डरला दिलं तर? हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि रात्री झोप उडवणारा आहे. आमचं सगळं एका म्हाताऱ्या माणसाच्या चांगुलपणावर उभं आहे. चांगुलपणा नोंदवता येत नाही.

म्हणूनच तालमकींची ती 1915 ची कल्पना मला पुन्हा पुन्हा आठवते. फाटक काढून ती परत का आणू नये? महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. संस्था नोंदवायला किमान पाच जण पुरतात. पाच! आम्ही सहा आहोत. आज आपण सोसायटी म्हणतो तेव्हा डोळ्यापुढे येतो तो पार्किंगवरून भांडणारा फ्लॅटमालकांचा जमाव. पण घर संस्थेचं आणि राहणारे तिचे सभासद-भाडेकरू, ही रीत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी चालली होती. जमिनीचे भाव बघता हे अवघड आहे, मला माहीत आहे. पण पंचविशीत वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन बेसा-मनीषनगरकडे एकटं पडायचं, हे आपल्याला अवघड वाटत नाही. सवय झाली म्हणून.

नागपूरसारखं शहर यासाठी अजून हातात आहे. घरं जुनी आहेत, मोठी आहेत, महाल-धंतोलीपासून प्रतापनगरपर्यंत कितीतरी दुमजली घरांत दोन म्हातारी माणसं आणि आठ बंद खोल्या आहेत. दहा वर्षांनी तिथे टॉवर असतील. एम्प्रेस मिलच्या जागेवर काय उभं राहिलं ते आपण बघितलंच आहे. 1877 ची गिरणी, 2002 मध्ये बंद, आता मॉल. या शहरात शेजार पाडून मॉल बांधता येतो. मॉल पाडून शेजार उभा केलेला मी कुठे ऐकलेला नाही.

शेवटची एक गोष्ट. आमच्या जनगणनेत कुटुंबाची व्याख्या फार साधी आहे. नेहमी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. ती नात्यातली असतील, नसतील, किंवा दोन्ही मिळून असतील. ब्रोकरला न कळलेली गोष्ट प्रगणकाच्या पुस्तिकेत कितीतरी वर्षं छापलेली आहे. एक चूल, एक कुटुंब.

आता 2027 ची जनगणना येते आहे. प्रगणक आमच्याही दारात येतील आणि त्यांच्या यादीतला एक प्रश्न विचारतील, कुटुंबप्रमुख कोण? हा विषय आम्ही मागच्या रविवारी बैठकीत घेतला. दीड तास बोललो. एकमत झालं नाही. वहीत नोंद आहे : विषय पुढच्या रविवारी. भांडी : मी.